भरून बघितलेली सॅक

ट्रेकिंगच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त सॅकमध्ये ती नुकतंच घेतलेलं वाणसामान भरायला लागली. तांदूळ, गूळ, तेलाचा डबा.

“अहो वहिनी, विकायची आहे ती!” दुकानदार कळवळला.

“जमली तर मीच घेणार की. रिकामी सॅक सगळ्यांनाच हलकी लागते.”

“पाच दिवसांचा ट्रेक, तोही या वयात! तुला नाही झेपायचं,” नवरा दुकानदाराकडे बघत हसला.

तिने कमरेचा पट्टा आवळला. खांद्यांवरचा भार कमरेवर उतरला, तशी ती ताठ उभी राहिली. “हीच द्या. सामान राहू दे आतच.”

घरी आले तर लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर पोचून तिने कुलूप काढलं, पाणी प्यायली. मग कुठे नवरा दारात उगवला. हात रिकामे, तरी धापा टाकत.

सॅक अजून तिच्या पाठीवरच होती.

“झेपला का हो जिना?”