सातवी ओळ

मीटरच्या आकड्याकडे तिने तिसऱ्यांदा पाहिलं. सातव्या ओळीतला खार पुन्हा वाढला होता.

तिचं डोकंच चालेना. जमीन मुळातच खारट, म्हणून हरितगृहातल्या टोमॅटोंना ती अगदी हात आखडून खत घालत होती. साधं पोटॅश बंद केलं होतं, कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून थोडं थोडं सोडत होती, अधूनमधून नुसत्या पाण्याने माती धुऊन काढत होती. बाकीच्या ओळी गुणी लेकींसारख्या वागत होत्या. सातवीच्या पानांच्या कडा मात्र करपत चालल्या होत्या.

आणि नेमकी तीच ओळ जगायला हवी होती. चार महिन्यांपूर्वीच्या तापात नवऱ्याच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. ताट तसंच मागे सारायचा. कपडे अंगावर लोंबू लागले. मग एके दिवशी सातवीतला टोमॅटो खाऊन तो म्हणाला, "हा गोड लागतोय!" तेव्हापासून त्या फोडींसोबत तो निदान दोन घास जेवत होता. ओळ गेली तर?

दुपारी तिने सासऱ्यांना रंगेहाथ पकडलं. सातव्या ओळीत वाकून ते बाटलीतून पाणी ओतत होते.

"बाबा, काय आहे त्यात?"

"मीठ," ते ओशाळून म्हणाले. "बाटलीला मूठभर. खारात वाढलेला टोमॅटो लहान राहतो, पण गोडी धरतो. म्हटलं, आणखी गोड झाला तर पोरगं चार घास जास्त खाईल."

"आणि झाडंच मेली म्हणजे?"

रागवावं की रडावं, तिला कळेना. तिने उरलेल्या पाण्यासकट बाटली काढून घेतली आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली.

तिघं जेवायला बसले. तिने टोमॅटो चिरला.

"सातवीतला ना?" नवऱ्याने आधी विचारलं.

"हो."

त्याने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. "वा! साखर आहे नुसती."

सासरे खुदकन हसले. तिचाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्याला ठसका लागला. समोरची ती मिठाच्या पाण्याची बाटली उचलून त्याने अर्धी गटागटा रिकामी केली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "हं, आता बरं वाटलं."