दिशा न वाचलेली फाइल

"तू यात पडू नकोस दादा," रोशनी म्हणाली. "मी जाते परत."

सौदीतल्या हाइल शहरात, एका खाजगी हॉस्पिटलात ती नऊ वर्षं नर्स होती. तिच्या वॉर्डात छातीचा संसर्ग पसरला. सहा रुग्ण आजारी पडले, त्यातली एक म्हातारी दगावली. संसर्ग रोशनीनेच आणला, असं चौकशी समितीने ठरवलं. आता इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द होणार होता, नर्सिंगचा परवानाही जाणार होता.

ती ज्याला दादा म्हणे, तो सत्यजित तिथेच आयटीत होता. हॉस्पिटलात मराठी बोलणारी ही दोघंच. त्याची बायको ईशा सातव्या महिन्यात होती. तपासणीला तिच्यासोबत रोशनीच जाई.

"खरं सांग, तुझ्यामुळे झालं?"

"कागदावर तसंच आहे ना? मग राहू दे." तिने वर पाहिलं नाही.

त्याने समितीची फाइल मिळवली. वॉर्डात ये-जा केलेल्या एकेचाळीस जणांचे नमुने प्रयोगशाळेने तपासले होते. संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला, ते फाइलीत ओळीओळीने साठवलेलं होतं. नावांच्या जागी नंबर होते. रोशनीचा तेवीस, तो तिच्या नोटिशीवरच छापला होता. त्या फाइलीवरून काढलेल्या चित्रात सगळ्यात जास्त रेषा तेविसालाच जोडलेल्या होत्या.

पण त्या नुसत्या रेषा होत्या. त्यांना बाण नव्हते.

ते चित्र ज्या सॉफ्टवेअर लायब्ररीने काढलं होतं, तिची माहितीपुस्तिका सत्यजितने उघडली. दिशा हवी असेल, तर फाइल वाचणाऱ्या फंक्शनला तसं सांगावं लागत होतं. नाही सांगितलं की ते बाण गाळून रेषा तेवढ्या ठेवी. समितीसाठी चित्र काढणाऱ्याने ते सांगितलंच नव्हतं.

त्याने एक शब्द वाढवला आणि फाइल पुन्हा वाचली.

तेविसाकडून सहा बाण बाहेर जात होते. एक आत येत होता, नऊ नंबरकडून. नवाकडे मात्र कुठूनच काही येत नव्हतं.

दुपारच्या नमाजनंतर तो समितीच्या प्रमुख डॉ. उमामांच्या केबिनमध्ये गेला. नावांची यादी फक्त त्यांच्याकडे होती.

"सुरुवात तिच्यापासून नाही," तो म्हणाला. "तिला दुसऱ्या कोणाकडून लागण झाली."

उमामांनी नवं चित्र बराच वेळ पाहिलं. "नक्की? जो आजारी असून वॉर्डात आला, त्याला मायदेशी परत पाठवावं लागेल. त्यात मला सूट देता येणार नाही."

"देऊही नका. एक जीव गेलाय."

"मग लिहून द्या."

त्याने तिथेच चार ओळी लिहिल्या आणि सही केली.

"रोशनीचं प्रकरण खलास," उमामा म्हणाल्या. त्यांनी कपाटातून यादी काढली. त्यांचं बोट नवापाशी थांबलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सत्यजित," त्या म्हणाल्या, "वॉर्डातला मॉनिटर दुरुस्त करायला आलात, तेव्हा तुम्हाला ताप होता?"