यादीबाहेरची माणसं

"धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना आपोआप मेसेज जावा, एवढंच तुमच्या सॉफ्टवेअरनं करायचं," असं सांगून इंजिनिअर साहेबांनी मृदुलापुढे सोळा ग्रामपंचायतींची यादी ठेवली. तिनं सगळं टिपून घेतलं आणि लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात धरणाचे दरवाजे उघडणारे पाटोळेमामा चाचरत म्हणाले, "ताई, दरसाल परगावची माणसं येऊन नदीच्या वाळूत कलिंगडं लावतात, तिथंच खोपी घालून राहतात. ती कुठल्याच यादीत नाहीत. वीस वर्षं मीच सायकलवरून जाऊन त्यांना सावध करतोय. पण येत्या मार्चात मी रिटायर होणार."

मृदुला त्यांच्याबरोबर तडक नदीच्या वाळूत उतरली. खोपीखोपीत फिरून तिनं एकोणतीस मोबाइल नंबर उतरवून आणले आणि मेसेजच्या यादीत घातले.

एप्रिलमध्ये पाणी सुटलं, त्या दुपारी पाटोळेमामांचा फोन आला. "ताई, मी घरीच होतो. मेसेज आला म्हणून वाळूतल्या लोकांनीच मला कळवलं. कलिंगडं वाहून गेली, पण लेकराबाळांसकट समदी वर आली. तुमचे लई उपकार झाले."

"उपकार तुमचेच, मामा," मृदुला म्हणाली. "मी तर त्या दिवशी सोळा गावांची यादी घेऊन निघालेच होते."