कडक टायर

गाडी लिफ्टवर चढली, चारही चाकं निघाली, तरी साहेबांचा विरोध काही खाली उतरेना.

"बाजारात न्यायच्या बैलाची शिंगं रंगवतात अगं, खूर कोणी बदलत नाही. उद्या गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"येऊ दे. चहा देऊ," बायको म्हणाली. टायरच्या दुकानातल्या, पाठ असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत, कमरेमागे घरून आणलेली उशी लावून ती न्यायाधीशासारखी बसली होती. मणक्याच्या ऑपरेशनपासून उशीशिवाय ती कुठे बसत नसे. या गाडीत तर उशी घेऊनही बसत नसे. आताही साहेब पुढे गाडीतून आले आणि ती मागून टॅक्सीतून.

साहेब जन्मभर विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे दावे तपासत आले. असल्या माणसानं निवृत्त झाल्यावर जमिनीला टेकलेली, दोन दारांची, भरधाव गाडी घ्यावी, याचं नात्यागोत्यात भरपूर हसं झालं. बायको गाडीला सवत म्हणे, आणि रोज संध्याकाळी त्याच सवतीच्या मांडीवर बसून फिरायला जाई. ऑपरेशननंतर ते बंद पडलं. एसीनं सर्दी होते, असं तिनं सांगितलं. फार पेट्रोल खाते, विकूनच टाकू, असं साहेबांनी सांगितलं. कंबर हा शब्द दोघांनीही तोंडातून काढला नाही. एकमेकांना न दुखवण्यात दोघंही असे तरबेज की शेवटी त्यात गाडीच हातची चालली होती.

परवा भाचा बोलून गेला, "मावशी, गाडी नाही गं आपटत, तिचे टायर आपटतात." मावशीनं त्याच्याकडूनच दुकानाचा नंबर घेतला.

दुकानदारानं उतरवलेल्या टायरवर बुक्की मारली. "बघा काकू, नुसतं लाकूड! रनफ्लॅट म्हणतात याला. हवा गेली तरी या जाड कडांवर गाडी गॅरेजपर्यंत पळते. सोय मोठी आहे, पण रस्त्यातला एकेक खड्डा तुमच्या पाठीला घरपोच." मग त्यानं नव्या साध्या टायरची कड अंगठ्यानं दाबून दाखवली. "हा बघा. ऐकतो."

"आणि हा पंक्चर झाला की?" साहेबांनी विचारलं. लबाड दाव्याच्या कागदावर बोट ठेवावं तसं.

"की थांबायचं. तुमच्या गाडीत स्टेपनी नाही, ठेवायला जागाच नाही. हवा भरायचा पंप देतो, भोक बुजवायचं रसायन देतो. बारीक खिळा असेल तर भागेल. टायर फाटला, तर मदतीला फोन."

"ऐकलंस? सुनसान रस्ता, गाडी ठप्प, आणि तुझी ही कंबर!"

बोलून झाल्यावर साहेब चपापले. घरात वर्षभर झाकून ठेवलेला शब्द दुकानभर झाला होता.

"निघाला एकदाचा," बायको म्हणाली. "पेट्रोल खाते म्हणे!"

"तू तरी? सर्दी म्हणे!"

दुकानदार पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या हातातच होता.

"अहो," ती आवाज उतरवून म्हणाली, "पंक्चर झालं तर बसू की कडेला. लग्न झाल्यापासून काही काम नसताना दोघं एका जागी बसलोय कधी? आणि ही विकून तुम्ही संध्याकाळी करणार काय? घरात बसून माझ्या स्वयंपाकाचे दावे तपासणार?"

"त्यात धोका आहे," साहेब म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"धोका तुमच्याशी लग्न करण्यातही होता. मी काढला होता का विमा?"

टायर बसले. चाकं लागली, हवा मोजून झाली, गाडी खाली आली. साहेबांनी आपली अट घातली. "आत्ता एक फेरी मारू. त्रास झाला तर उद्या त्या माणसाला किल्ली देऊन टाकायची. मग रडायचं नाही."

"रडेल कोण ते बघू."

साहेबांच्या खांद्याला धरून ती बेतानं आत बसली. दुकानापुढेच गतिरोधक होता, चांगला म्हशीच्या पाठीएवढा. साहेबांना भीती दुखण्याची नव्हतीच, तिच्या उत्तराची होती. ती 'काही नाही' म्हणणार. तिचं 'काही नाही' त्यांना पाठ होतं. ताप असला तरी काही नाही, माहेरची वाईट बातमी आली तरी काही नाही.

पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची. साहेबांनी समोरच बघितलं.

"काय?"

"दुखलं," ती म्हणाली.

साहेबांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

तिनं डोळे मिटून नीट विचार केला. "सासूबाईंच्या टोमण्याइतकं. लागतं, पण संसार मोडत नाही."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा कुठे आपण भर रस्त्यात उभे आहोत हे साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा स्वच्छ दावा त्यांच्या टेबलावर आला नव्हता.

पुढे घराचं वळण आलं. साहेबांनी वेग जरा कमी केला, काही विचारावं तसा. बायको समोरच्या सरळ रस्त्याकडे बघत राहिली. वळण मागे गेलं.