रोज एक तांब्या

कुमुदताईंनी साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. आता त्या लेकीकडे, नोएडाला चौदाव्या मजल्यावर राहत होत्या. बाहेरची हवा वाईट म्हणून केतकी त्यांना दिवाळीपासून खाली पाठवत नव्हती. शेवटचं बाहेर पडणं झालं ते नर्सरीतून स्नेक प्लँट आणायला.

त्या झाडाला थंडीत महिन्यातून एकदा पाणी पुरतं, हे नीट माहीत असूनच कुमुदताई रोज एक तांब्या ओतत राहिल्या. सहाव्या आठवड्यात मुळं कुजली. केतकी पिवळी पानं कापायला बसली, तर आख्खं पान बुडापासून हातात आलं.

"यार आई, हे तर कुणाच्याच हातून मरत नाही. बॉटनीची प्रोफेसर ना तू?"

"पाणी जास्त झालं असेल गं. आता नवीनच आणावं लागेल."

"बिल्कुल. आजच आणू."

कुमुदताईंनी आत जाऊन साडी बदलली, शाल घेतली, मास्क लावला आणि दाराशी येऊन चपला घालायला वाकल्या.



"अगं, निघालीस कुठे?" केतकी फोन बाजूला ठेवत म्हणाली. "मागवलं मी. दहा मिनिटांत येईल."