कोणी अडवलंय?

लघवी करून आल्यावरही कंडक्टरबाईंच्या मूत्रपिशवीत पावणेतीनशे मिली लघवी शिल्लक होती. सोनोग्राफीच्या कागदावरच्या त्या आकड्याभोवती डॉक्टरांनी पेनाने दोनदा गोल काढला आणि कागदाला वास येत असावा तसा तो टेबलावर टाकला.

"किती वर्षं दाबून धरताय?"

एकोणीस, असं त्या म्हणाल्या. नोकरी लागल्यापासून. शेवटच्या थांब्यावर बस सात मिनिटं उभी राहते. पुरुष भिंतीआड जाऊन येतात. बायकांच्या संडासाला कुलूप. म्हणून त्या ड्यूटीवर पाणीच पीत नाहीत.

डॉक्टर हसले. बालवाडीतल्या पोराला समजवावं तसं त्यांनी चित्र काढलं. दोन किडन्या रक्त गाळतात. दोन नळ्यांतून लघवी थेंब थेंब खाली येते, पिशवीत साठते. पिशवी भरत आली की मेंदूला निरोप जातो, आणि मेंदूने हो म्हटलं की पिशवीचं तोंड सैल पडतं. तो निरोप वर्षानुवर्षं धुडकावला तर पिशवी ताणून ताणून तिच्यातला जोरच जातो. आता बसा नळी घालून काढत.

"जनावरालासुद्धा एवढं कळतं," ते म्हणाले. कंडक्टरबाई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या.

शेजारी सिस्टर फाइल धरून उभी होती. सकाळी आठपासून उभीच होती. हा छत्तिसावा पेशंट. दहा वाजल्यापासून ती या पायावरचा भार त्या पायावर टाकत होती. अकरा वर्षं ती हेच चित्र बघत आली होती. त्याच दोन किडन्या, तेच जनावर. कधीकाळी तिला सरांच्या ज्ञानाचं कौतुक वाटायचं. आज तिला त्यांचं नुसतं हलणारं तोंड दिसत होतं, आणि त्याची किळस येत होती.

"उठायचं आणि जायचं, एवढंच तर काम. कोणी अडवलंय तुम्हाला?" डॉक्टर मागे वळले. "सिस्टर, सांगा यांना. माझं तोंड दुखलं."

सिस्टरने फाइल खाली ठेवली. बरोब्बर त्या चित्रावर.

"बाई, सर म्हणतात ते अगदी खरं आहे. निरोप आला की उठायचं आणि जायचं." मग तिने डॉक्टरांपुढे हात पसरला. "सर, या मजल्यावरच्या बाथरूमची किल्ली तुमच्या खिशात असते. आम्ही आत जाऊन फोनवर बोलत बसतो म्हणून तुम्ही कुलूप लावलंत. मला सकाळपासून तीनदा निरोप आलाय."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. रांगेतले चारजण तिथे कान टवकारून उभे होते. डॉक्टरांनी दोन बोटांनी किल्ली काढली आणि पाच मिनिटांत या, असं घड्याळाकडे बघत सांगितलं.

"चला बाई," सिस्टर म्हणाली, "तुम्हीही सावकाश बसून बघा."

दोघी वीस मिनिटांनी परत आल्या. किल्ली परत आली नाही.