उरलेले बोल्ट

डिझेल मेकॅनिकच्या वर्गात बुलडोझरचं एकच जुनं इंजिन होतं. बारा वर्षं प्रत्येक तुकडी ते खोलायची, परत जोडायची आणि उरलेले बोल्ट खिडकीतल्या डब्यात टाकायची. इंजिन मात्र एकदाही सुरू झालं नव्हतं.

"चार-दोन उरायचेच," मास्तर छातीठोकपणे सांगायचे. "कंपनी जास्तीचेच देते."

यंदा परीक्षेला वर्गातली एकुलती एक मुलगी पुढे आली, तेव्हा मास्तर हसले. "पोरी, पाना तरी पेलवेल का तुला?"

तिला उत्तर द्यायची खुमखुमी आली होती, पण तिने बोल्टचा डबा जवळ ओढला. तीन दिवस मान वर केली नाही. चौथ्या दिवशी डबा रिकामा झाला. तिने टाकीत डिझेल ओतलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन काळा धूर ओकत धडधडायला लागलं.

काचा थरथरल्या. मास्तरांचा चहा कपासकट टेबलावरून खाली गेला. त्यांनी घाईघाईने किल्ली उपटून खिशात टाकली, तरी इंजिन थांबेना; जुनं डिझेल इंजिन नुसती किल्ली काढून बंद होत नाही. ती शांतपणे हात पुसत उभी राहिली.



मास्तर दाराआडून ओरडले, "मॅडम, हे बंद कसं करतात?"